फॉरमॅट मारण्याआधी: विंडोज १०सोबत येणारी देखभालीची साधनं

लॅपटॉप स्लो झाला म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. फॉरमॅट मारा, नाहीतर एखादा क्लीनर, म्हणजे कचरा साफ करणारं सॉफ्टवेअर, टाका. विंडोज १०सोबत देखभालीची जी साधनं मुळातच येतात, त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही. मला त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे, कारण माझं पोट ज्या मशीनवर चालतं ते बऱ्याच अंशी त्यांच्या जिवावर टिकलं आहे.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. लॅपटॉप २०१४चा आहे, चौथ्या पिढीचा कोअर आय-५, ८ जीबी रॅम. आला तेव्हा त्यात विंडोज ८.१ होतं. २९ जुलै २०१५ला विंडोज १० आलं आणि पहिलं वर्षभर ते फुकट मिळत होतं, तेव्हा ते जुन्यावरच चढवलं. पुढे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हाही नव्याने इन्स्टॉल न करता जुनी डिस्क क्लोन केली. म्हणजे तेच विंडोज अजून चालू आहे, सगळ्या फॉन्ट्ससकट, कीबोर्डच्या लेआउटसकट, पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरसकट. फॉरमॅट मारल्यावर हे सगळं पुन्हा उभं करायला किती वेळ जातो, हे जुन्या सीडी आणि सीरियल नंबर जपून ठेवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ती वाट मला बंद आहे. आहे तेच नीट चालवायचं आहे.

विंडोज जुनं झालं म्हणून आपोआप मंदावत नाही. सुरू होताना सोबत उठणाऱ्या प्रोग्रॅमची रांग वाढत जाते, सी ड्राइव्ह भरत येतो, एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडतो, आणि ब्राउझरसारखे प्रोग्रॅम दरवर्षी जास्त मेमरी मागायला लागतात. यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर विंडोजमध्ये इलाज आहे. चौथीवर नाही.

सगळ्यात उपयोगी साधन कोणतं असं विचारलं तर मी टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप टॅबचं नाव घेईन. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. छोटी खिडकी आली तर खालच्या 'मोअर डीटेल्स'वर क्लिक करायचं आणि स्टार्टअपवर जायचं. विंडोजबरोबर उठणारे प्रोग्रॅम तिथे एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येकासमोर 'स्टार्टअप इम्पॅक्ट' लिहिलेलं असतं. 'हाय' हा शब्द उगाच नसतो. सुरू होताना ज्याने प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं, तो 'हाय'. रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक केलं तर हे आकडेही उघड करून बघता येतात. तेवढं बहुतेक जण करत नाहीत, पण जरूर करावं, कारण मग 'मला वाटतं याच्यामुळे स्लो होतंय' हा अंदाज राहत नाही, आकडा समोर येतो.

ओळखीच्या कुणाचाही लॅपटॉप उघडला तर या यादीत तीच मंडळी भेटतात. व्हिडिओ कॉलचं ॲप, गाण्यांचं ॲप, दोन-दोन क्लाउडवाले, पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरचा अपडेट तपासणारा, आणि प्रिंटरची शाई किती उरली हे सांगणारा एक प्रोग्रॅम. प्रिंटर कधीच बदललेला असतो, शाईवाला मात्र रोज सकाळी उठतो. यातलं काहीही 'डिसेबल' केलं तरी प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपण उघडेपर्यंत तो गप्प राहतो. हे लोकांना माहीत नसतं म्हणून हात लावायला घाबरतात. अँटिव्हायरस, टचपॅड आणि ऑडिओच्या नोंदी तेवढ्या तशाच ठेवायच्या.

या टॅबची उणीव म्हणजे तो सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) आणि वेळापत्रकावर चालणारी कामं दाखवत नाही. पुष्कळ अपडेटवाले तिथेच दडून बसतात. त्यासाठी ऑटोरन्स हे वेगळं साधन घ्यावं लागतं. ते विंडोजसोबत येत नाही, पण मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं आहे, मोफत आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सुरू केलेलं हे काम मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये विकत घेतलं. ऑटोरन्समध्ये पिवळी ओळ दिसली तर समजायचं की नोंद आहे पण ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइलच जागेवर नाही. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचे हे मागे राहिलेले धागे. नोंद पुसण्यापेक्षा आधी तिच्यासमोरची टिकमार्क काढायची, काही दिवस मशीन नीट चालू द्यायचं, मग पुसायची. नवख्या माणसाच्या हाती मात्र मी ऑटोरन्स देणार नाही. यादी फार लांब असते आणि तिच्यात विंडोजची स्वतःची कामंही असतात.

आता एक गोष्ट, जी साधन म्हणून कुणी मोजत नाही पण जिने सगळ्यात जास्त तक्रारी मिटतात. ती म्हणजे रिस्टार्ट. लोक म्हणतात, आम्ही तर रोज रात्री शट डाउन करतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघायला सांगितलं की तिथे दोन-दोन, तीन-तीन आठवडे दिसतात. कारण विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि बहुतेक मशीनवर ती चालूच असते. शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा बंद होत नाही, तो डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच पुढे चालू होतो. ड्रायव्हरमध्ये साचलेला गोंधळही मग तसाच पुढे येतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. हार्ड डिस्कवाल्या मशीनवर फास्ट स्टार्टअपने चालू होण्याचा वेळ नक्की वाचतो. एसएसडी असेल तर फरक थोडा, म्हणून मी ती सोय पॉवर ऑप्शन्समधून बंद करून टाकली आहे. ही माझी पसंती. ज्यांना चालू ठेवायची आहे त्यांनी आठवड्यातून एकदा रिस्टार्ट मारावा, तेवढ्याने भागतं.

जागा मोकळी करण्यासाठी विंडोज १०मध्ये दोन साधनं आहेत आणि हेच मला पटत नाही. डिस्क क्लीनअप विंडोज ९८पासूनचं. स्टोरेज सेन्स २०१७मध्ये आलं आणि ते सेटिंग्जमध्ये राहतं. मायक्रोसॉफ्टचा कल नव्याकडे आहे, पण मला अजून जुनंच आवडतं. यादी एका छोट्या खिडकीत दिसते, प्रत्येक ओळीसमोर आकडा असतो आणि ओळ निवडली की ती कशाची आहे याचं दोन वाक्यांत स्पष्टीकरण खाली येतं. फक्त एक पायरी चुकवायची नाही. 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' हे बटण दाबल्याशिवाय मोठा कचरा दिसतच नाही. ते दाबल्यावर खिडकी पुन्हा उघडते आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप' ही ओळ येते, जिच्यात कित्येकदा काही जीबी अडकलेले असतात.

स्टोरेज सेन्सचा फायदा म्हणजे ते आपण विसरलो तरी चालतं. पण त्यात डाउनलोड्स फोल्डर ठराविक दिवसांनी रिकामा करायचीही सोय आहे. ती सोय 'नेव्हर'वर आहे ना, हे पहिल्यांदा तपासावं. लेखक पाठवतात त्या वर्ड फाइल्स, मुखपृष्ठं, प्रूफं, सगळं डाउनलोड्समध्येच उतरतं आणि माझ्यासारख्या अनेकांचं काम तिथूनच चालतं. विंडोज १०च्या काही आवृत्त्यांत तर डिस्क क्लीनअपच्या यादीतही डाउनलोड्सची ओळ घातली होती. पुढे ती काढली, आणि बरं झालं. कामाच्या फाइल्स आणि कचरा एकाच यादीत ठेवायला नकोच होते.

सी ड्राइव्ह बघताना विनएसएक्सएस नावाचा फोल्डर सगळ्यांना घाबरवतो. आठ-दहा जीबीचा दिसतो आणि लोक तो हाताने पुसायला निघतात. तो अजिबात पुसू नये. अपडेट, दुरुस्ती, नव्या सुविधा चालू-बंद करणं, सगळं त्याच्यावर चालतं. शिवाय त्यातल्या पुष्कळ फाइल्स हार्ड लिंक असतात, म्हणजे डिस्कवर फाइल एकच, नोंदी दोन ठिकाणी. माणसाला घरी एका नावाने आणि कचेरीत दुसऱ्या नावाने हाक मारली म्हणून माणसं दोन होत नाहीत, पण फाइल एक्सप्लोरर मात्र ती दोनदा मोजतो. त्यातलं खरंच नको असलेलं काढायचं काम डिस्क क्लीनअपमधली ती अपडेटची ओळच करते. डिझम या कमांडनेही ते होतं, पण तिच्यासोबत 'रीसेटबेस' हा पर्याय जोडायचा सल्ला काही जण सर्रास देतात. तो दिला की आधीच बसलेले अपडेट पुन्हा काढता येत नाहीत. थोड्या जागेसाठी परतीची वाट बंद करणं जुन्या मशीनवर मला मान्य नाही.

डिस्कचं ऑप्टिमायझेशन विंडोज स्वतःच वेळापत्रकाने करतं, त्यात आपण करण्यासारखं फार काही नाही. हार्ड डिस्क असेल तर डीफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) होतं, एसएसडी असेल तर ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागेची खबर एसएसडीला देणं). फरक विंडोजला कळतो. एसएसडीवर वेगळं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर टाकू नये, नुसतंच लेखन वाढतं.

एसएफसी आणि डिझम या दोन कमांड म्हणजे दुरुस्तीची जोडी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, एसएफसी लिहून एक जागा सोडायची, तिरकी रेघ, आणि तिला चिकटून स्कॅननाऊ. एसएफसी विंडोजच्या फाइल्स तपासून बिघडलेल्या फाइलच्या जागी चांगली प्रत ठेवतं. ती प्रत ते विनएसएक्सएसमधल्या साठ्यातून घेतं. तो साठाच खराब असेल तर दुरुस्ती कशी होणार? म्हणून आधी डिझमने साठा नीट करायचा, त्याला लागणाऱ्या फाइल्स ते विंडोज अपडेटवरून आणतं, आणि मग एसएफसी. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा सांगतात आणि मग 'काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत' असा निरोप आला की थेट फॉरमॅट मारतात. डिझम साठ-बासष्ट टक्क्यांच्या आसपास बराच वेळ अडून बसल्यासारखं दिसतं. ते अडलेलं नसतं, खिडकी बंद करायची नाही. ही जोडी दर आठवड्याला चालवायची मात्र गरज नाही. अपडेट बसत नाहीत, स्टार्ट मेन्यू उघडत नाही, सेटिंग्ज उघडताच बंद होतं, अशी लक्षणं असतील तेव्हाच.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा सगळा अभिप्राय लिहायला घेतला ते साधन, रिलायबिलिटी मॉनिटर. स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. विस्टापासून विंडोजमध्ये आहे आणि इतकं आत दडवलेलं आहे की वर्षानुवर्षं कंप्युटर वापरणाऱ्यांनीही ते पाहिलेलं नसतं. यात दिवसांचे रकाने असतात, वर १ ते १० या मापावर मशीनच्या स्थैर्याची रेघ. त्या दिवशी काही कोसळलं असेल तर लाल फुली, इशारा असेल तर पिवळा त्रिकोण, आणि सगळ्यात खाली निळ्या खुणा, म्हणजे त्या दिवशी काय बसवलं किंवा काय अपडेट झालं याची नोंद.

मधे माझं पानं लावायचं सॉफ्टवेअर मोठं चित्र सरकवताना बंद पडायला लागलं. रिलायबिलिटी मॉनिटर उघडला तर एका तारखेपर्यंत रेघ दहाच्या जवळ, आणि त्या तारखेनंतर खाली खाली. लाल फुलीवर क्लिक करून तपशील बघितला, 'फॉल्ट मोड्यूल नेम'समोर एका डीएलएल फाइलचं (प्रोग्रॅमच्या सुट्या भागाचं) नाव होतं, आणि ते ग्राफिक्स ड्रायव्हरचं होतं. त्याच उभ्या रकान्यात खाली निळी खूण होती: डिस्प्ले ड्रायव्हरचा अपडेट. म्हणजे पुस्तकाच्या फाइलमध्ये दोष नव्हता, फॉन्टमध्ये नव्हता, सॉफ्टवेअरमध्येही नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' केलं, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणला, आणि रेघ पुन्हा वर चढायला लागली. फॉरमॅट मारलं असतं तर विंडोज अपडेटने बहुधा तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवला असता आणि मी कारण शोधत बसले असते. कधीपासून बिघडलं आणि त्या दिवशी काय बदललं, हे दोन प्रश्न एकाच चित्रात सुटतात. असं साधन कंट्रोल पॅनेलच्या तळाशी का टाकून दिलं आहे हे मला खरंच कळत नाही. ते सेटिंग्जच्या पहिल्या पानावर असायला हवं होतं.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे जाता येईल अशी नोंद) घ्यावा. विंडोज १०मध्ये त्यासाठी लागणारं सिस्टम प्रोटेक्शन पुष्कळदा बंदच असतं, आधी चालू करावं लागतं. ड्राइव्हची काही टक्के जागा दिली तरी पुरते.

बाहेरच्या क्लीनरबद्दल. त्यांतली टेम्पररी फाइल्स पुसायची सोय विंडोजमध्ये आहेच, उरतो तो रजिस्ट्री क्लीनर. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लाखो नोंदी असतात आणि विंडोज त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट शोधतं. काही शे शिळ्या नोंदी काढल्याने वेग वाढत नाही, आणि एखादी कामाची नोंद गेली तर एखादा प्रोग्रॅम उघडायचाच थांबतो. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेही लेखी सांगितलेलं आहे. शिवाय असं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालतं, हा मोठा विश्वास असतो. २०१७मध्ये सीक्लीनर या क्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी अधिकृत डाउनलोडमध्येच घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक मशीनवर पोचली. रॅम मोकळी करणारे प्रोग्रॅम तर टाकूच नयेत. रिकामी दिसणारी रॅम म्हणजे वेगवान मशीन, हा समज चुकीचा आहे. विंडोज उरलेल्या रॅममध्ये पुढे लागतील अशा फाइल्स धरून ठेवतं आणि गरज पडली की लगेच सोडतं.

फॉन्ट्सचा मुद्दा फक्त माझ्या व्यवसायातल्यांसाठी. शेकडो फॉन्ट्स इन्स्टॉल असतील तर पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडताना आणि फॉन्टची यादी खाली पाडताना थांबतं. चालू पुस्तकाचे फॉन्ट्स तेवढे इन्स्टॉल ठेवून बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले की फरक लगेच दिसतो.

या साधनांच्या आवाक्याबाहेरचंही सांगते. मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर वरचं सगळं करूनही समाधान होणार नाही. एसएसडी बसवणं हाच त्यावरचा उपाय. डिस्क बदलेपर्यंत तिची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघत राहावी. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर्स' हे डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे वाढत असतील तर आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. आणि पंख्यात धूळ बसलेली असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ते कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही.

राहिला प्रश्न सुरक्षेचा, आणि इथे देखभाल कितीही चोख ठेवली तरी पुरत नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट हवे असतील तर ईएसयू (वाढीव सुरक्षा अपडेट) या योजनेत नोंदणी करावी लागते. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते, आणि सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच नोंदणी होते. घरगुती वापरासाठी या योजनेची जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६. तिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयी नाहीत. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला व्हायरसच्या नव्या खुणा ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहतील, पण विंडोजमधलं भोक बुजवणं हे डिफेंडरचं काम नव्हे. मी नोंदणी केली आहे. बँकेचे व्यवहार आत्ताच दुसऱ्या मशीनवर हलवले आहेत, आणि मुदत संपली की या लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो फक्त पानं लावायला ठेवणार आहे. फाइल्स पेनड्राइव्हने येतील-जातील, पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन होईल.